पौर्णिमेच्या दुपारचं पाणी

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी इथे कुवेतमध्ये, बनेद अल-गारच्या फ्लॅटच्या खिडकीत तुमच्याशी भांडायला बसलेय. समोर ओहोटी लागलीय. मुलगी विचारते, "मम्मा, व्हॉट आर यू लुकिंग ॲट?" पाणी गं, दुसरं काय! तेव्हा तुम्ही मला वाचवायला नको होतं.

तुमच्या स्वयंपाकघरातच आपलं वकिलीचं ऑफिस होतं, मी तुमची ज्युनियर. केस माझ्याच बेटाची. कंपनी जेट्टीसाठी ज्या किनाऱ्यावर भराव घालणार होती, ते आमच्या कोळणींचं शेतच. ओहोटीला तिथे कालवं, तिसऱ्या निघायच्या आणि त्यावर घरं चालायची. कंपनी म्हणे, तिथे नुसता समुद्र आहे, हक्क कसला? कोर्टाने पाहणीला कमिशनर नेमले. तुम्ही अष्टमीची दुपार ठरवलीत, तेव्हा किनारा उघडा असतो. नेमकी त्याच दिवशी मुंबईत माझी इथल्या नोकरीची मुलाखत निघाली. मी तुम्हाला न विचारता तारीख आठवडाभर पुढे ढकलून घेतली. म्हणजे पौर्णिमा. भर दुपारी उधाणाची भरती. आमची होडी कालवांच्या खडकांवरून सरळ पुढे जाते आणि कमिशनर विचारतात, "कुठाय तुमचा किनारा? मला तर पाणीच दिसतंय." सगळ्या बायका माझ्याकडे बघतात. मी चपलांकडे बघते. आणि तुम्ही मोठ्याने म्हणता, "तारीख माझी चुकली. मी घाटावरची, मला कुठलं कळतंय पाणी!"

घरी आल्यावर मात्र सोडलं नाहीत. "कोळ्याची पोर तू, भरती-ओहोटी आईच्या पोटातून शिकून आलीस. लाज कशी वाटली नाही गं?" मी रडत बसले, तर चहा पुढे सरकवलात. दुसरी पाहणी मागितलीत, मिळाली नाही. अर्धा किनारा भरावाखाली गेला आणि मी विमानात बसले. आता इथल्या शुऐबा बंदरात एका ठेकेदाराकडे करार तपासते. भरावाच्या कामांचेच. हसा, हसा.

परवा मावशीचा बेटावरून फोन आला. जेट्टी वाढवायचीय, उरलेला किनाराही जाणार, परत पाहणी आहे. "बाय गो, साहेबाला कंच्या तिथीला बोलवू?" अष्टमी, दुपारी, मी ताडकन सांगितलं. मग ती म्हणाली, "तू ये ना. तवा त्या वकीलबाईने तारीख चुकवली, आपलं वाटोळं केलं. आता आपली पोर हाय वकील."

अजून तुम्हालाच बोल लावतात, बाई. आणि तुम्ही आमच्याकडून कधी फीसुद्धा घेतली नाहीत. "बाईंनी नाही, मी चुकवली," एवढंच म्हणायचं होतं. तिथे जायचं तर त्याच बायकांसमोर उभं राहावं लागेल, हे बोलावं लागेल. मी म्हटलं, मावशी, सुट्टी मिळत नाही गं. ती बिचारी म्हणाली, "असू दे, परक्याची चाकरी."

सुट्टी मी मागितलीच नाही, बाई.