शिंप्याच्या डोक्याला खुराक

३ मार्च
आजपासून मेंदूचा खुराक सुरू. शेजारच्या न्हाव्याकडे नंबर लागेपर्यंत मासिक चाळलं. त्यात स्पष्ट लिहिलंय, मेंदू कुठल्याही वयात सुधारतो, फक्त त्याला नीट खाऊ घालायला हवं. अक्रोड, बदाम, जवस, पालेभाजी, मासे. मी इतकी वर्षं मेंदू नुसत्या चहा-बिस्किटावर चालवला. कुरकुरणारच.

तसा मी काही विसरत नाही. गिऱ्हाइकाचं माप जन्मात कधी कागदावर लिहिलं नाही. माप लिहितो तो कारकून, शिंपी नव्हे. सध्या जरा इकडचं तिकडे होतंय, एवढंच. न्हावी म्हणतो, बायको गेल्यापासून तुमचं दुकानात लक्ष नाही. लक्ष आहे. मला काही होत नाही. काहीच होत नाही.

४ मार्च
खुराक आणला. डबे हिच्या स्टुलावर ठेवले, काजाच्या मशीनपाशी. रिकामंच होतं.

न्हावी म्हणाला, अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला. केळं कशाला चांगलं, ते मी विचारलं नाही.

७ मार्च
बँकेतल्या साहेबांची पँट घोट्याच्या वर राहिली. म्हटलं, हल्ली अशीच फॅशन आहे. ते म्हणाले, वहिनी असताना असं कधी झालं नाही. मग तीच पँट घेऊन गेले.

हिचा आणि मापाचा काय संबंध? मी माप घेताना आकडे मोठ्याने सांगायचो, ही काज करता करता हं म्हणायची. पुढे कापड बेतताना मी नुसतं 'खांदा' म्हटलं, की ही आकडा सांगायची. म्हणजे मला माहीत असायचाच. ही फक्त आधी बोलायची.

उद्यापासून अक्रोड दुप्पट.

१२ मार्च
मुलीला नोकरी लागली. दुसऱ्या शहरात. महिनाअखेरीस जाणार. न्हाव्याने पेढ्याऐवजी बदाम मागितले. मला आनंद व्हायला हवा होता. होईल.

तिकडे थंडी फार. म्हटलं, कोट मी शिवणार. ती म्हणाली, बाबा, विकत घेते ना, कशाला त्रास? म्हटलं, शिंप्याची पोर तयार कोट घालून गेली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. मग उभी राहिली. पोर आईपेक्षा वीतभर उंच आणि काडीसारखी. माप घेतलं. सवयीने आकडे मोठ्याने सांगितले, स्टुलाकडे तोंड करून. डबे गप्प.

मुलीने विचारलं, लिहून घेऊ का? म्हटलं, खबरदार.

१५ मार्च
जवस नुसतं गिळवत नाही. केकवर भुरभुरलं. मासिकात केक नाही, पण जवस आहे ना. चॉकलेटही चालतं म्हणे, काळं. दुकानात काळं नव्हतं, पांढरं आणलं. मासे सोमवारपासून. पालेभाजीचं बघू.

१८ मार्च
माझी पँट आटली. कापडच वाईट. न्हावी म्हणाला, कापड नाही हो, पोट. त्याला शिवणातलं काय कळतं!

२१ मार्च
खुराक लागू पडला! कोटाचं कापड पसरलं, खडू हातात घेतला आणि आकडे धडाधड आले. खांदा, छाती, कंबर, बाही. कुणाला विचारावं लागलं नाही. हात एकदाही अडखळला नाही. न्हाव्याला बोलावून दाखवलं. त्याने बोटं तोंडात घातली. निदान घालायला हवी होती.

मुलगी म्हणाली, कापायच्या आधी एकदा टेप लावून बघा. म्हटलं, बापावर विश्वास नाही? कच्ची शिलाई नको, ट्रायल नको. थेट पक्का शिवणार. अक्रोड खाऊन ट्रायल घ्यायची म्हणजे मेंदूचा अपमान.

२५ मार्च
काजं मीच केली. हिच्या मशीनवर. डबे खाली ठेवून स्टुलावर बसलो. जरा बुटकं आहे.

२८ मार्च
मुलीने कोट घातला. बाही मनगटाच्या बरीच वर. कंबरेत आणखी एक माणूस मावेल. म्हटलं, आत स्वेटर घालशील म्हणून ऐसपैस ठेवला. बाही खाली ओढून पाहिली.

ती आरशासमोर उभी राहिली. मग म्हणाली, बाबा, हा आईला बसला असता.

टेप लावला. खांदा, छाती, कंबर, बाही. सगळं हिचं. सुताचा फरक नाही.

म्हटलं, काढ, दुसरा शिवतो. ती म्हणाली, उद्या सकाळची बस आहे. काढला मात्र नाही. जेवायलाही तसाच घालून बसली.

२९ मार्च
मुलगी गेली. कोट घालूनच. बसच्या खिडकीतून हात हलवला तेव्हा बाही कोपरापर्यंत वर गेली. मी हात हलवला का, आठवत नाही.

डोकं शाबूत आहे माझं. त्यात एकच माप आहे, एवढंच.

दुपारी बँकेतले साहेब पुन्हा आले, नवं कापड घेऊन. भला माणूस. माप घेतलं, आकडे मोठ्याने सांगितले आणि थांबलो. साहेबही थांबले. कुणी हं म्हटलं नाही.

दुकानात पेन्सिल नव्हतीच. न्हाव्याकडून मागून आणली.