मोरीतून निघालेली वेणी

देवास, १२ मार्च

तीर्थरूप सुभद्रामावशीस,

अल्पनाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, काकांचा खोकला आणि धारचा नळ, तिन्ही ठीक चालले असतील अशी आशा. इकडे माझ्या डोक्यावरचं सोडून सगळं जागच्या जागी आहे.

झालं असं, की दिवाळीनंतर आमची मोरी तुंबली. तुकाराम प्लंबरने तार घालून जे ओढून काढलं ते चांगलं हातभर होतं. "भाबी, इसमें तो पूरी चोटी निकली!" म्हणाला आणि शेजारीपाजारी बघत असताना ते अंगणात मांडून ठेवलं. (दीपेश उंदीर समजून स्टुलावर चढला. लग्नात तूच त्याला धीराचा मुलगा म्हणाली होतीस.)

त्या दिवसापासून सासूबाईंनी माझं डोकं ताब्यात घेतलं. कांद्याचा रस, मेथीचा लेप, एरंडेल, सगळं वारांप्रमाणे. रसाच्या दिवशी सहावीच्या पोरांनी वर्गात विचारलं, "मैडम, आज टिफिन में पकोड़े हैं क्या?" केसांबद्दल अख्खी गल्ली बोलत होती, पण जिना चढताना मला धाप लागते, शिकवताना मी फळ्याला टेकून उभी राहते, हे कुणी विचारेना. शेवटी एका शनिवारी कुणाला न सांगता मी डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी विचारलं, आठवडाभर काय खाता? मी सांगायला लागले: सोमवारचा उपास, गुरुवारचा (हा दीपेशच्या नोकरीसाठी बोललेला, नोकरी लागून अकरा वर्षं झाली), शनिवारी एकभुक्त, शिवाय चतुर्थी, एकादशी. बाईंनी पेन खाली ठेवलं. "और खाती कब हो?" रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी, अंगातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला, आणि थायरॉइड मंद.

घरी येऊन मी जाहीर केलं, आजपासून उपास बंद. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी रिपोर्ट मागून घेतला, चष्मा लावून पानन् पान पाहिलं, एक अक्षर कळलं नाही आणि तो देवापाशी ठेवला. रात्री ताटात चवळईची भाजी होती, वर लिंबू पिळलेलं. आता सकाळी मी थायरॉइडची गोळी घेतली, की तासभर त्या चहाच्या भांड्यापाशी पहारा देतात. मला राहू दे, दीपेशलाही घोटभर मिळत नाही. लोहाची गोळी दुपारी, तीही त्यांच्यासमोर. तीन महिने झाले. धाप गेली. केस अजून गळतात, पण कमी. आणि कपाळावर बोटभर नवे उगवलेत, ते तेलाने बसत नाहीत, पाण्याने बसत नाहीत. मीही बसवणार नाही.

काकांना नमस्कार सांग.

तुझी,
अल्पना

ता. क. घरात आणखी कुणाला थायरॉइड आहे का, असं डॉक्टरीणबाईंनी परवाच्या फेरतपासणीत विचारलं. मी नाही म्हणून मोकळी झाले. मग घरी येताना आठवलं, तू चैत्रातसुद्धा स्वेटर घालतेस, आणि संक्रांतीला हळदीकुंकू लावता लावता झोपलीस. रविवारी धारला येते आहे. सोमवारी सकाळी तुझं रक्त तपासायला जायचं. नंबर लावून ठेवलाय.

आणखी एक ता. क. काकांना विचारत बसू नकोस. मी फोनवर विचारलं. म्हणाले, "तिला काही झालेलं नाही, ती पहिल्यापासून अशीच आहे." म्हणूनच येते आहे.