बर्फातल्या टायरात पाणी

बाबा, ज्या मिस्त्रींना तुम्ही आपल्या टायरच्या दुकानातून काढलंत, त्यांचा मुलगा या उन्हाळ्यात माझ्या दारात उभा राहिला. इथं आखातात, मुसफ्फा भागात माझं टायरचं वर्कशॉप आहे, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. त्यानं गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं आणि हसत म्हणाला, ताई, एक विचित्र काम घेऊन आलोय. माझ्या कपाळाला आठी पडली. इथं गल्लोगल्ली टायरवाले बसलेत, मग हा नेमका माझ्याकडेच का? टायर आणि माणूस बाहेरून बघून पसंत करू नये, आत हात घालून बघावा, असं तुम्ही सांगायचात. तुमचं बाकी काही मी ऐकलं नसेल, पण हे मात्र अंगात भिनलंय. नवरासुद्धा म्हणतो, तू भाजीवाल्याच्या नमस्कारालाही पावती मागशील.

काम असं होतं. इथल्या एका मॉलमध्ये बर्फघर आहे. बाहेर डांबर वितळतं आणि आत शून्याखालचा गारठा, त्यात पोरं भाड्याचे जाडजूड कोट घालून घसरगुंड्या खेळतात. तिथली यंत्रं हा सांभाळतो आणि सकाळी लोक यायच्या आधी छोट्या ट्रॅक्टरनं बर्फ सारखा करतो. तो ट्रॅक्टर उतारावर घसरायचा. चाकांना साखळ्या बांधायला मनाई, कारण बर्फाखालून थंडाव्याचे पाइप गेलेत. म्हणून टायरच्या रबरालाच काहीतरी करून पकड आणायची होती. मला तर हा सगळा बनावच वाटला. झिजलेल्या टायरवर नवी नक्षी कापून तो नवा म्हणून बाहेरदेशी खपवणारे मी पाहिलेत. वाळवंटात बर्फाचं सोंग घेऊन कुणी तेच करून घेत नसेल कशावरून? आधी जागा दाखव, मगच सुरी हातात घेईन, असं मी त्याला सांगून टाकलं.

पुढच्याच आठवड्यात लेकीला घेऊन बघायला गेले. काचेपलीकडे ट्रॅक्टर खरंच होता, आणि चाकं खरंच जागच्या जागी फिरत होती. लेक म्हणाली, "मम्मा, यू थिंक एव्हरीवन इज लाइंग." मी तिला आइस्क्रीम घेऊन दिलं आणि गप्प केलं. खरं सांगू, तो खोटा निघाला नाही म्हणून माझा थोडा विरसच झाला.

काम मी स्वतः केलं. आपल्या भातखाचराच्या चिखलात टायरवरच्या उंच रबरी गोट्यांमधून चिखल झडून जावा लागतो, म्हणून मोकळी जागा हवी. दाबून बसलेल्या बर्फाचं उलटं असतं, तिथं बारीक बारीक कडा लागतात. म्हणून प्रत्येक गोट्यावर पातळ पात्यानं आडव्या चिरा पाडल्या, रबराच्या आत विणलेल्या दोऱ्यांना धक्का न लावता. तो शेजारी उभं राहून बघत होता, आणि तो काय बघतोय ते मी बघत होते. मग मी टायरात पाणी भरायला घेतलं. तुम्ही भरायचात तसंच, वॉल्व वर ठेवून, पाऊण टायर. वजनाशिवाय पकड नाही, हे तुमचं ठरलेलं. मला ते दिवस दिसतात. तुम्ही दुकानापुढे उकिडवे बसलेले आहात, मी नळी धरलीय, माझा फ्रॉक भिजलाय, आणि तुम्ही टायरला कान लावून पाणी कुठवर आलं ते ऐकताय.

तो म्हणाला, "ताई, आत मायनस चार असतं. पाणी गोठणार. अँटीफ्रीझ तरी टाका."

"बाबांची पद्धत आहे," मी म्हटलं. "सगळ्या तालुक्यानं वापरलीय."

तुमचं नाव निघालं तसा तो बाजूला सरला. पाणी गोठतं हे शाळेतल्या पोरालाही कळतं, पण ते त्याच्या तोंडून आलं म्हणून मला त्यात डावाचा वास आला. बापाला हाकललं म्हणून हा आता मला आमचीच विद्या शिकवायला निघालाय, असं वाटलं. वर मनाशी म्हटलं, एवढ्या जाड रबराच्या आत गारठा पोचतोय कशाला.

पोचला. रात्रभर ट्रॅक्टर आत उभा राहिला आणि पाण्याचा एका बाजूला गोळा झाला. सकाळी उतारावर चाकं धक्के खात फिरली, ट्रॅक्टर आडवा होऊन भिंतीवर गेला. आत एकही गिऱ्हाईक नव्हतं हे नशीब. मिस्त्रींच्या मुलाचं मनगट मोडलं.

आणि त्यानं बर्फघराच्या मॅनेजरला सांगितलं की पाणी वर्कशॉपनं नाही, त्यानंच नंतर भरलं. हे कळल्यावर माझी झोपच उडाली. आता हा काय मागणार? रोज फोन वाजला की मी दचकत होते. फोन त्याचा नसायचाच. शेवटी फळं घेऊन त्याच्या खोलीवर गेले; फळं निमित्ताला, गेले चौकशीलाच. हात गळ्यात अडकवून तो कांदा चिरायच्या खटपटीत होता.

"खोटं का बोललास?" मी विचारलं.

"तुमचं नाव आलं असतं तर वर्कशॉपचं मॉलकडचं अप्रूव्हल गेलं असतं, कामं बंद झाली असती. मला काय, वॉर्निंग लेटर मिळालं, खलास."

"आणि तुला काय हवंय?"

सुरी खाली ठेवून त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे रागानं पाहिलं. "काही नको. आमच्या वडिलांचं सांगणं होतं, मालकाची चूक निघाली तर आपली म्हणायची. दुकान राहिलं तर चार घरं जेवतात."

कुणाची चूक त्यांनी आपली म्हटली होती, असं मी विचारलं. ते कधी बोलले नाहीत, एवढंच तो म्हणाला आणि कांद्याकडे वळला.

तेव्हापासून मी मिस्त्रींना काढलंत तो एकच दिवस उलटसुलट करून बघतेय. घाटात ट्रॅक्टरचा टायर फुटला, ड्रायव्हरचा पाय गेला. आपल्या दुकानात त्याची नक्षी दोऱ्यांपर्यंत खोल कापली होती म्हणून. त्या दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून आईला सांगत होता की मिस्त्रीनं कापली, म्हणून तर मूग गिळून बसलाय. निर्दोष माणूस आरडाओरडा करतो, म्हणालात. आई भाकरी थापत राहिली. मी तुमच्या शेजारी बसून मान डोलावत होते. पण बाबा, ती नक्षीची सुरी तुम्ही कुणाच्या हातात देत होता का? मला तर ती फक्त तुमच्याच हातात दिसते. मिस्त्री पाना घेऊन दिसतात, पंप घेऊन दिसतात, सुरी घेऊन एकदाही नाही. माझी आठवण चुकत असेल. लहान होते मी. पण सगळ्या जगावर संशय घ्यायला तुम्ही शिकवलंत, आणि त्यातून फक्त स्वतःला वगळलंत, हे मला आता खुपतंय. मला फार राग आलाय तुमचा. आणि तुमची आठवणही फार येते.

मॅनेजरला मी जाऊन खरं सांगितलं. आधी तो चिडला, मग म्हणाला, अप्रूव्हलचं बघू, इन्शाल्ला. अजून काही कळलेलं नाही. वर्कशॉपात सहाजण कामाला आहेत, त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. मिस्त्रींच्या मुलाचं वॉर्निंग लेटर मात्र मागे घेतलं.

तुम्ही समोर असतात तर हे विचारायची माझी छाती झाली नसती. पाठवायला पत्ता नाही म्हणूनच इतकं लिहून झालं.

रविवारी त्याला जेवायला बोलावलं होतं. आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरात हॉलच्या मधल्या भिंतीवर तुमचा फोटो असतो. तो यायच्या आधी मी तो काढून कपाटात ठेवला. लेकीनं विचारलं तेव्हा म्हटलं, काच तडकलीय, बदलायची आहे. काच धड आहे, बाबा.