असंल, असावा, होता

बोर्ली पंचतन,
ता. १८ नोव्हेंबर १९३१

चि. रावजीस अंबाजीमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईच्या गुडघ्यांसाठी उंडीचे तेल सदाबरोबर पाठवले आहे. काशी माझी धाकटी बहीण असून माझ्याआधी काठी धरते, असे तिला सांग आणि बोलणी खा.

लिहिण्यास कारण, नामाच्या खटल्याचा निकाल लागला. तीन महिने सक्तमजुरी. पिठोरी अमावास्येच्या उधाणाला आमच्या बांधाची उघाडी, पाणी अडवायचे-सोडायचे ते दार, फळीवाचून राहिली, खाडी आत शिरली आणि गावाचे पोटरीला आलेले भात मिठाने जळाले, हे तुला ठाऊक आहेच. कोळवाड्यातला नामा उघाडीच्या तोंडाशी जाळे लावतो, म्हणून आत मासे यावेत यासाठी फळी त्यानेच काढली असा आरोप. बांधाचा राखणदार मी, म्हणून साक्ष माझी. तिन्हीसांजेला झिमझिमीत कोणीतरी बांधावरून गेले, इतके मी सांगितले. सरकारी वकिलांनी विचारले, तो नामा होता काय. मी म्हणालो, असंल. आपल्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत, असंल म्हणतात. कारकुनाने लिहिले, नामाच असावा. निकालात पाहतो तर, तो नामा होता.

नक्कल सोबत आहे. त्यात संभव हा शब्द सात वेळा आला आहे, वाचून घेताना मी बोटांवर मोजला. मी मराठी तिसरीपर्यंत शिकलेला, तू वकिलाकडे कारकून. संभव म्हणजे किती, अर्धा शेर की पाऊण, ते उलट टपाली कळव. अन्न गोड लागत नाही.

आहे तो लोभ असाच असावा.

तुझा मामा
अंबाजी

मुरूड,
ता. २३ नोव्हेंबर १९३१

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी रावजीचे शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आईने तेल लावले, आणि तीच काठी तुमच्या पाठीत घालीन म्हणाली.

नक्कल आमच्या नजमुद्दीन वकीलसाहेबांना दाखवली. ते म्हणाले, संभवाला मापे दोन. जमिनीच्या दाव्यात ज्याचे पारडे तांदळाच्या दाण्याएवढे खाली जाईल तो जिंकतो. फौजदारीत तसे नाही. तिथे माणसाला कोंडायचे तर शहाण्याला पटेल असा संशय उरता कामा नये. उरला तर त्याचा फायदा आरोपीला. तुमच्या कोर्टाने काय केले, तर जाळे नामाचे म्हणून फळी त्याने काढल्याचा संभव, आणि राखणदाराचे त्याच्याशी वैर नाही म्हणून तो खोटे बोलण्याचा संभव नाही, हे दोन जोडून खात्री तयार केली. साहेब म्हणाले, दोन करवंट्या जोडल्या म्हणून नारळ होत नाही.

मामा, एक विचारतो, रागावू नका. गेल्या शिमग्यात आगरदांड्याच्या धक्क्यावर तुम्ही मला हमदुल्ला तांडेल समजून सलाम केलात. मग झिमझिमीत, तिन्हीसांजेला, नामा कसा ओळखलात? अपिलाची मुदत पंधरवडाभर उरली आहे. पत्रात लिहवत नसेल तर होडीने या.

भाच्यावरची पाखर काढू नये, ही विनंती.

आपला
रावजी

बोर्ली पंचतन,
ता. २७ नोव्हेंबर १९३१

चि. रावजीस आशीर्वाद. कुशल विचारायला मला तोंड नाही.

बांधावर मी कोणालाच ओळखले नाही. काहीतरी हलले, ते तिवराचे झाडही असेल. डोळ्यांवर पडदा येऊन वर्ष झाले. राखण जाईल म्हणून बोललो नाही. पण एवढेच असते तर बरे होते.

फळी कोणी काढली नाही, रावजी. तिची खीळ निखळली होती म्हणून अमावास्येच्या दुपारी उतरत्या पाण्यात मीच ती घरी आणली. खीळ ठोकली. संध्याकाळी लेक गोदूने पिठोरीची खीर वाढली. जेवून जो लवंडलो, तो गावाच्या ओरड्याने उठलो. फळी गोठ्याच्या कुडाला टेकून उभी होती. सगळे बांधाकडे धावत होते आणि मी ती फोडून चुलीत घालत होतो. मीठ मुरलेले लाकूड, दोन दिवस तडतडत होते. गोदूने विचारले, लाकडे आज एवढी का बोलतात. मी म्हणालो, ओली असतील.

परवा नामाची आई भागुबाई बांधावर समोर आली. म्हाताऱ्याचा पाय घसरू नये म्हणून ती टोपली घेऊन चिखलात उतरली आणि मला वाट दिली. मी गेलो तिच्यासमोरून.

सोमवारी दिघीहून येतो. वकीलसाहेबांना सांगून ठेव. काशीला तू सांगू नकोस. मी सांगेन.

अंबाजी

बोर्ली पंचतन,
ता. ९ जानेवारी १९३२

चि. रावजीस आशीर्वाद. वि. वि.

वरच्या कोर्टाचा निकाल तू वाचून दाखवलास त्या दिवशी माझे कान वाजत होते. आता शाळेच्या मास्तरांकडून नक्कल पुन्हा ऐकली. नामा सुटला, ते पहिल्या पानावर. शेवटच्या पानावर मी. वृद्ध साक्षीदार पश्चात्तापाने व विस्मरणाने दोष स्वतःवर ओढून घेत असावा, फळी कोर्टापुढे नाही, तेव्हा त्याचे म्हणणे सिद्ध मानता येत नाही. फळी कोर्टापुढे कुठून येणार? संशयाचा फायदा मलाही मिळाला, आणि इथे संशय नसलेला माणूस मी एकटाच आहे.

गावाची तर वेगळीच तऱ्हा. गरिबासाठी अंबाजीने आळ अंगावर घेतला, असे म्हणून येसाजी पाटलाने चावडीवर नारळ फोडला. मी उठून सांगितले की फळी माझ्या गोठ्यात होती. लोक हसले. म्हणाले, पुरे आता आजोबा, सुटला ना पोर. ज्यांचे भात जळाले तेच मला पाट देत होते. राखण मी सोडली. त्याचेही कौतुक झाले.

काल कोळवाड्यात गेलो. नामा जाळे शिवत बसला होता. त्याला खीळ, खीर, चूल, सगळे सांगितले. त्याने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाला, असंल, आजा. तेवढेच. भागुबाईने पाणी दिले, ते प्यालो. वाटभर ते असंल मनात घोळवत आलो. त्याला खरे वाटले नाही, की वाटूनही माफ केले नाही, की मोठ्या माणसाला तोंडावर काही बोलायचे नाही म्हणून? तुझ्या वकीलसाहेबांकडेही त्याचे माप नसेल.

काशीला मी सांगितले त्याला महिना झाला. त्यानंतर तिची चिठ्ठी नाही, की तेलाची रिकामी बाटली परत नाही.

शेवटी लोभ असावा असे लिहायची रीत. माझ्याने आता असावा लिहवत नाही. तिचा आणि तुझा लोभ आहे की नाही, तेवढे एका ओळीत कळव. नसेल तर नाही असेच लिही.

अंबाजी