दादाच्या गुडघ्याचं पान

९ जानेवारी
मिळालं! विद्यापीठाच्या मुलांच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास मीच लिहायचा. संघाला पन्नास वर्षं होतायत, स्मरणिका निघणार आहे. क्रीडा संचालक म्हणाले, "तुमची भाषा चांगली आहे, शिवाय प्रकाशन विभागात तुम्हीच जरा रिकाम्या दिसता." दिसू देत.

नव्या कोर्टाला सरांचं नाव द्यायचं घाटतंय. सर म्हणजे संघाचे प्रशिक्षक. नऊ वर्षांपूर्वी सुजलेल्या गुडघ्यानिशी माझ्या दादाला अंतिम सामन्यात उतरवलं ते हेच. दादा आजही जिना आडवा होऊन उतरतो. खेळ गेला, शिक्षण अर्धवट राहिलं, आता मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर बसतो. घरातली पहिली पदवी त्याची व्हायची होती, ती माझी झाली. तर आता ती वापरते. खोटं एक अक्षर लिहिणार नाही. गरजच नाही!

१४ जानेवारी
संघाच्या पहिल्या कर्णधाराकडे गेले. दातांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. जुने खेळाडू अजून त्यांना लंबूच म्हणतात. तेव्हा कोर्ट म्हणजे सायकल स्टँडमागची मुरुमाची जागा. रिंग पाण्याच्या टाकीच्या खांबाला ठोकलेली. खेळायचे बूट पाचच जोड! बदली खेळाडू आत यायचा तो बाहेर जाणाऱ्याचे बूट पायात चढवून. "त्यामुळे आमची निवड उंचीवर नव्हतीच," लंबू म्हणाले, "पायाच्या मापावर होती. एक पोरगा इतका सुरेख खेळायचा, पण पाय होडीएवढे. बिचारा वर्षभर टाळ्या वाजवत बसला."

मी खूप हसले. घरी येईपर्यंत हसत होते.

१५ जानेवारी
हसायचं नाही. या लोकांच्या प्रेमात पडायचं नाही. मी कशासाठी आलेय ते विसरायचं नाही.

२२ जानेवारी
संचालकांच्या खोलीत त्या सामन्याचा फोटो आहे. आज पहिल्यांदा जवळून पाहिला.

मी आठवीत होते. आई-बाबांबरोबर प्रेक्षकांत बसले होते. डॉक्टरांनी दादाला खेळू नको म्हणून बजावलं होतं, म्हणून पहिला अर्धा वेळ तो ट्रॅकसूट घालून बाकावर होता. मध्यंतरानंतर आला तो जर्सीत! मी किती ओरडले होते. संघ मागे होता, त्याने एकट्याने ओढून आणला. रिंगला लागून परत आलेला शेवटचा चेंडू घ्यायला उडाला आणि खाली आला तो उठलाच नाही. एका गुणाने जिंकलो. पोरांनी सरांना खांद्यावर उचललं. दादा रिंगखाली पडलेला, आणि हे नाचतायत!

फोटोत सर मधोमध, हसरे. दादाचा कोपऱ्यात फक्त बूट आलाय.

३ फेब्रुवारी
सरांकडे गेले. वाटलं होतं उडवाउडवी करतील, मग मी एकेक प्रश्नाने कोंडीत पकडीन. आठवडाभर आरशासमोर तयारी केली होती. पण त्या माणसाने मला भांडूच दिलं नाही.

"डॉक्टर नको म्हणाला होता. तरी मी उतरवलं. निर्णय माझा. लिही तसंच."

एवढंच. चहा आणला, मी घेतला नाही. मी निघताना त्यांनी विचारलं, वडील कसे आहेत. मी म्हटलं, "तुमच्या कृपेने उत्तम." त्यांनी मान डोलावली. कसलेला माणूस!

पण कबुली मिळाली. माझ्या मोबाइलमध्ये त्यांच्याच आवाजात!

५ फेब्रुवारी
पान लिहून झालं. सरांचं वाक्य जसंच्या तसं घातलं, खाली दादाचा गुडघा. विशेषण एकही नाही. रात्री जेवणं झाल्यावर वाचून दाखवलं. दादा दुकानातून आला नव्हता. आई मध्येच उठून कपड्यांच्या घड्या घालायला गेली. बाबांचे डोळे भरून आले. शाळेची बस चालवणारा माणूस, त्याच्या पोरीने लिहिलेलं छापून येणार!

"एक शब्द कमी करू नकोस," म्हणाले. "त्या माणसाला सोडायचं नाही."

नाही सोडणार, बाबा.

१२ फेब्रुवारी
संचालकांनी स्वतःचा संदेश दोनदा वाचला, स्वतःचा फोटो लांब धरून पाहिला आणि "उत्तम!" म्हणून सगळं छपाईला पाठवलं.

४ मार्च
स्मरणिका वाटली आणि भडका उडाला! दिवसभर विभागातला फोन वाजतोय. जुने खेळाडू चिडले, काही सरांवर, काही माझ्यावर. संध्याकाळी समितीने ठरवलं, कोर्टाला कुणाचंच नाव नाही. सरांना विचारलं तर ते म्हणाले, लिहिलंय ते खरं आहे.

जिंकले! नऊ वर्षांनी का होईना. बाबा उद्या बसच्या बाकीच्या ड्रायव्हरांना वाचून दाखवायला एक प्रत नेणार आहेत.

५ मार्च
दुकानात जाऊन दादाला प्रत दिली. डोळ्याचं भिंग काढून त्याने पान वाचलं. सावकाश. मी शाबासकीची वाट बघत उभी.

"खोटं काहीच नाही यात," म्हणाला. "अर्धं आहे."

मग स्क्रू गोळा करत करत सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाचं. मध्यंतरात सरांनी खेळायचं नाही म्हणून त्याला बूट काढायला लावले होते. तेवढ्यात बाबा प्रेक्षकांतून खाली संघाच्या खोलीत आले. एका कंपनीच्या संघाचे निवडकर्ते सामना बघायला बसले होते. पोरगा त्यांच्या नजरेत भरला तर नोकरी पक्की, त्याला उतरवा म्हणाले. सर नाही म्हणाले. बाबांनी पुन्हा विनवलं, सर पुन्हा नाही म्हणाले. तेव्हा बाबांनी सगळ्या पोरांसमोर त्यांचे पाय धरले.

मी विचारलं, मग इतकी वर्षं गप्प का बसलास?

"तू आणि बाबा सरांना शिव्या द्यायचात, घर शांत असायचं. दोष टाकायला बाबांना कुणीतरी हवं होतं. मला बाबा हवे होते." भिंग परत डोळ्याला लावलं. "तू मात्र फारच शिकलीस, बाईसाहेब."

७ मार्च
बाबांशी बोलता येत नाही. ते खुशीत आहेत.

९ मार्च
आज संघाच्या पन्नाशीचा समारंभ झाला. बाबा हौसेने आले होते. सर आले होते! मागे, दारापाशी उभे. सगळं आटोपल्यावर पुढे येऊन त्यांनी बाबांना नमस्कार केला. बाबांनी तोंड फिरवलं, आणि समोर मी उभी होते. मी त्यांच्यावरची नजर हटवली नाही.

बाबांनी मान खाली घातली.