साडेनऊपर्यंत ऊन

१२ जानेवारी १९३८, बुधवार. जालना
यांचं पत्र मँचेस्टरहून. चार पानं! मे महिन्यात यांना पंधरा दिवस सुटी. मी तोवर तिथे पोचलेली असणार (मार्चात औरंगाबादचे डॉक्टर आणि त्यांची बायको निघताहेत, त्यांच्या सोबतीनं). सुटीत दोघांनी फिरायला जायचं. कोपनहेगन, स्टॉकहोम की बर्गन? 'तू ठरव. तू लिहिशील तिथलं तिकीट काढतो.' सहा वेळा वाचलं. लग्नाला सात वर्षं झाली, आज भाजी कोणती हे मला कधी कोणी विचारलं नाही. आता एकदम मुलूख विचारताहेत.

१३ जाने.
शाळेतल्या मास्तरांकडून नकाशांचं पुस्तक मागवलं. जाऊबाईंना बोट ठेवून दाखवलं. म्हणाल्या, "इतक्या वर कशाला जाऊन राह्यली बाई, घसरून पडशील."
यांनी प्रत्येक गावाचं थोडक्यात लिहिलंय. कोपनहेगन : राजवाडे, सायकली. स्टॉकहोम : बेटांवर वसलेलं, देखणं. बर्गन : डोंगर, समुद्र, पाऊस फार, पण मे महिन्यात म्हणे साडेनऊपर्यंत ऊन.
साडेनऊपर्यंत!
ठरलं.

१५ जाने.
सूर्यास्त ६-०५. बापूजी (सासरे) आणि मोठे दीर कापसाच्या जिनातून आले सातला. मी आजही उपाशी.
सूर्य बुडाल्यावर मी तोंडात काही घालत नाही, हे जैनांचं व्रत माहेरापासूनचं. घरातल्या बाकीच्यांनी कधीच सोडलंय. आणि पुरुषांच्या आधी बायकांनी जेवायचं नाही, हे इथलं. सासूबाई होत्या तोवर पाचलाच आमची दोघींची ताटं वाढून घ्यायच्या, कोणाची छाती होती बोलायची. त्या गेल्या. हंगाम लागल्यापासून आठवड्यात चार-पाच दिवस असंच. जा.बा. (जाऊबाई) दिवा लावून जेवतात, मला म्हणतात, तू बी जेव, कोण बघतं. यांना कळवलेलं नाही. कळवलं तर व्रतच सोड म्हणतील.
बर्गनला आम्ही दोघं संध्याकाळी आठला, उन्हात, समोरासमोर बसून जेवू. लिहितानाही हसू येतंय.

१६ जाने.
पेटीची तयारी. खाकरे, मुगाची डाळ, मेथीचे लाडू. लोकरीची शाल एक पुरेल? जा.बा.: "तिथं ढग आले तर सूर्य बुडाला का न्हाई, कसं कळायचं?" हे सुचलंच नव्हतं. घड्याळ न्यावं.

१८ जाने.
घात. या घरातून पत्रं एकाच पाकिटात जातात, बापूजींचं पत्र, त्यात माझी चिठ्ठी. तेव्हा त्यांना कळणारच होतं. म्हणाले, "स्टॉकहोम लिही म्हणावं. तिकडं मशीन चांगल्या बनतात. पोरगा बघून येईल. बिनकामाचं हिंडून काय फायदा?"
मी पदर ओढून दाराआड. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, जा.बा. थोरल्या म्हणून त्यांना मुभा. त्यांच्या कानात म्हटलं, "सांगा, मला बर्गन हवं." जा.बा. मोठ्यानं : "ती म्हणती, तुम्ही म्हणाल तसं."
आत आल्यावर मी त्यांच्याशी भांडले. त्या म्हणाल्या, "मंग काय सांगू? अमुकच गाव पाहिजे म्हणून कुणी सासऱ्याला सांगतं का?"
सातासमुद्रापलीकडे जायची परवानगी आहे, ओसरीवर जाऊन बोलायची नाही.

१९ जाने.
मास्तरांना पुसलं. स्टॉकहोमलाही मे महिन्यात आठपर्यंत उजेड असेल म्हणतात. म्हणजे जेवण तिथेही होईल. मग लिहून टाकावं ना? लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. राग कोणाचा येतोय तेही समजत नाही.

२० जाने.
 
सकाळी बापूजींनी चिठ्ठी मागवली. जा.बा. न्यायला आल्या, मी त्यांच्या मागोमाग ओसरीवर गेले. पदर होता, पण बोलले मी. "बापूजी, मला बर्गनला जायचंय. तिथं साडेनऊपर्यंत ऊन असतं. संध्याकाळचं जेवता येईल."
जा.बा. भिंतीला टेकल्या.
बापूजी : "इथं जेवत न्हाई का तू?"
"दिवस मावळल्यावर नाही."
"कधीपासून?"
"दिवाळीपासून."
चपला घातल्या आणि निघून गेले. पाकीट तसंच गादीवर. आता परवानगीच काढून घेतली तर? तरी खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

२१ जाने.
बापूजी आज साडेपाचला घरी! मागून दीर, गोंधळलेले. माझ्याकडे न बघता जा.बा.ना म्हणाले, "तिला म्हणावं, आधी तू जेव. आम्ही बसतो बाहेर." जा.बा.नी या खेपेला निरोप शब्दशः पोचवला. भाकरी, वरण, गूळ. त्या दोघांना ओट्यावर ताटकळत ठेवून जेवायची लाज वाटली. तरी दोन भाकरी खाल्ल्या.

२२ जाने.
पाकीट माझ्याकडे आलं, उघडं. निरोप जा.बा.कडून : "मी माझं लिहिलंय, स्टॉकहोमच. तिनं तिचं लिहावं. मंग पोराला काय करायचं ते करू दे." रागानं म्हणाले का हसून, ते जा.बा.ना सांगता येईना.
त्याच पुढे म्हणाल्या, "आता रोज उजेडी जेवशील. मंग बर्गन कशाला?"
 पोट भरलेलं आहे, तरी हवंच आहे.
चिठ्ठीत उन्हाचं लिहिलं नाही, जेवणाचंही नाही. 'बर्गन. मला बघायचं आहे म्हणून.' एवढंच.
पाकीट दुपारच्या गाडीनं गेलं. आत गावं दोन. हे कोणतं आधी वाचतील कोण जाणे.