चुकून लागला

अण्णा, गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात एक म्हातारे गृहस्थ आले होते. त्यांच्या अंगठ्याकडे बघून मला तुमचा अंगठा आठवला. तेवढंच लिहावं म्हणून बसलोय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं होऊन गेली आणि या बारा वर्षांत मी तुमच्याबद्दल पुष्कळ बोललो, पण तुमच्याशी एक शब्द बोललो नाही. बोलण्यासारखं होतं, म्हणूनच बोललो नाही.

मी हल्ली काय करतो, ते आधी सांगतो. तुम्ही होतात तेव्हा मी रिमोट बनवणाऱ्या कंपनीत होतो आणि तुम्ही लालबागच्या गल्लीत सगळ्यांना सांगायचात, पोरगा पण बटणातच आहे. अजून बटणातच आहे. फक्त आता बटण नाहीसं करण्याच्या कामावर आहे. मोबाइलच्या कडेला जी दोन-तीन बटणं असतात, आवाज कमीजास्त करायची, फोन चालू-बंद करायची, ती काढून टाकायची चाललीत. त्या जागी कड सपाट, सलग. दाबलं तरी काही हलत नाही. आत दाब ओळखणारी एक पट्टी असते आणि एक इवलीशी मोटर. तुम्ही दाबलंत की ती मोटर बोटाला असा एक हलका ठोसा देते की बटण आत गेलं आणि बाहेर आलं असं वाटतं. प्रत्यक्षात केसभरही हललेलं नसतं. पाणी शिरत नाही, धूळ जात नाही, झिजत नाही. आणि तो ठोसा खरा वाटतो की नाही, हे ठरवायचं काम माझं. दिवसभर प्रभादेवीच्या एका एसी खोलीत बसून मी काहीही न हलणाऱ्या गोष्टी दाबत असतो. आई म्हणते, त्यापेक्षा माझे पाय दाब.

तुम्ही काय म्हणाला असतात, याचा मी नेहमी विचार करतो. तुम्ही स्विच तपासायचात त्या गाळ्यात मी शाळा सुटल्यावर तुमचा डबा घेऊन यायचो, ते दिवस डोळ्यांसमोर येतात. काळ्या स्विचांची रास एका बाजूला, तुम्ही चटईवर मांडी घालून बसलेले. एकेक स्विच उचलायचा, कानाशी न्यायचा, अंगठ्याने खाली, वर. टक्, टक्. चांगला असेल तर उजवीकडे. ज्याची दांडी हलते पण टक् होत नाही, त्याला तुमच्याकडे ‘मुका’ म्हणायचे. "आज चार मुके निघाले," असं तुम्ही घरी येऊन आईला सांगायचात आणि ताई नि मी तोंडं दाबून फिदीफिदी हसायचो. आई डोळे वटारायची, पण तिलाही हसू यायचं. तुमच्या अंगठ्याचं कातडं त्या कामाने इतकं निबर झालं होतं की गरम तव्यावरची भाकरी तुम्ही त्याने उलटायचात.

एकदा मी गाळ्यातला बल्ब लावताना बटण हळूहळू, अर्ध्यावर धरून दाबत होतो. आत बारीक चर्र आवाज येतो, ठिणगी दिसते, त्याची मजा वाटायची. तुम्ही हातावर फटका मारलात. मला मारल्याचा तो एकच दिवस. "दाबायचा तर दाब, नायतर हात लावू नको. अर्धवट बटणाक आग लागता." मग जेवताना तुम्ही मला स्वतःच्या डब्यातला तळलेला बांगडा दिलात, म्हणजे राग गेला असं समजायचं. बटणाने टक् का करायचं असतं, हेही तेव्हाच सांगितलंत. दाबणाऱ्याला कळायला पाहिजे ना, की काम झालं. दिवा दुसऱ्या खोलीत असला तर त्याला कसं कळणार? माझ्या ऑफिसात हे सांगायला बाहेरगावाहून माणसं येतात आणि दोन दिवस पडद्यावर चित्रं दाखवतात.

आता त्या गृहस्थांचं सांगतो. आम्ही नमुने तपासायला वेगवेगळ्या हातांची माणसं बोलावतो. ओले हात, घामट हात, म्हातारे हात. हे दादरचे, रे रोडच्या लाकडाच्या वखारीत आयुष्य काढलेले, गळ्यात क्रॉस. जावयाने पाठवलं म्हणून आले होते. मी त्यांच्या हातात फोन दिला. ते दाबायला लागले. समोरच्या पडद्यावर प्रत्येक दाबाची रेघ व्यवस्थित उमटत होती. फोनला सगळं कळत होतं, मोटरही ठोसा देत होती. पण त्या कातड्यातून तो त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. ते दाबत राहिले. नख पांढरं पडेपर्यंत दाबलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लागला की नाय? मला तर काय समजत नाय."

माझ्या हाताखाली एक मुलगी आहे, हुशार आहे. ती हळूच म्हणाली, "सर, प्रेस तर प्रत्येक वेळी रजिस्टर होतोय. फक्त त्यांना फील येत नाहीये. यांचं रीडिंग काढून टाकूया? ॲव्हरेज बिघडतंय."

मी त्या गृहस्थांना चहा सांगितला आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. प्रत्येक वेळी पोचत होतं. दाबणाऱ्यालाच तेवढं कळत नव्हतं, म्हणून तो पुन्हा दाबत होता. पोचलेलं दाबणाऱ्याला कळू न देणं, हे मी याआधीही एकदा केलंय, अण्णा.

तुमचा जुना फोन तुम्हाला पुरत होता. दोनचं बटण दाबून धरलं की मला लागायचा. मीच हौसेने दसऱ्याला तो काचेचा फोन आणला. तुम्ही तो उलटासुलटा करून बघितलात आणि विचारलंत, "ह्येका बटणां खंय रे?" मी कडेची दोन दाखवली. तुम्ही ती अंगठ्याने दाबलीत, कानाशी नेलीत, आणि म्हणालात, "ही बरी आसत." बाकीच्या काचेशी तुमचं कधी जमलं नाही. बोट टेकवलं तर काही व्हायचं नाही, नाही टेकवलं तर भलतंच व्हायचं. दिवसाआड तुमचा फोन यायचा. मी कामात असायचो. "काय झालं अण्णा?" तर तुम्ही म्हणायचात, "काय नाय रे. चुकून लागला. तू काम कर." मग थोडं थांबून, "जेवलास?" मी हो म्हणायचो आणि ठेवायचो. पुढेपुढे तुमचं नाव दिसलं की मी उचलतही नसे. चुकून लागला असेल.

तुम्ही गेल्यावर महिनाभराने आई सहज बोलून गेली, "चुकून कसला लागतोय. चष्मा लावून दहा-दहा मिनटं तुझं नाव शोधायचे." ती भाजी निवडत होती. मी तिच्याकडे न बघता शेंगा सोलत बसलो.

तो दिवस तुम्हाला माहीतच आहे. आई ताईकडे गिरगावात गेली होती, बाळाला बघायला. दुपारची वेळ. चार वाजता शेजारच्या काकू दूध द्यायला आल्या, तेव्हा तुम्ही कॉटला टेकून खाली बसलेले होतात आणि फोन हातात होता. आई आजही म्हणते, "त्या मेल्या काचेने घात केला. बिचाऱ्यांना फोन लावताच आला नाही." ताईही तेच म्हणते. मी मान हलवतो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी ती गोष्ट वापरलीसुद्धा. ही नोकरी मला त्याच गोष्टीवर मिळाली. मुलाखतीत विचारलं, बटणांकडे कसे वळलात? मी म्हटलं, माझ्या वडिलांचा अंगठा काचेला कळला नाही. नवीन पोरं कामाला लागली की त्यांनाही मी हेच सांगतो. दरवर्षी थोडं अधिक चांगलं सांगतो.

काचेला कळलं होतं, अण्णा. तुमचा फोन मला लागला होता. मी मीटिंगमध्ये होतो. पहिल्यांदा मी नाव बघितलं आणि माझ्या फोनच्या कडेचं बटण दाबून तो गप्प केला. दुसऱ्यांदा खिशातल्या खिशात, न बघता. तिसऱ्यांदाही तसाच. तुमच्या कानाशी नुसती घंटी वाजत राहिली असेल आणि तुम्हाला वाटलं असेल, लागतच नाहीये. स्मशानातून आल्यावर मी चार्ज करतो म्हणून तुमचा फोन आत नेला आणि ते तीन कॉल पुसून टाकले. माझ्यातलेही पुसले. फोन आईच्या कपाटात रुमालात गुंडाळलेला आहे. त्याच्यावरचा तिचा राग अजून गेलेला नाही.

त्या गृहस्थांचं रीडिंग मी काढू दिलं नाही. अहवाल परत आलाय, सगळं पुन्हा तपासायला सांगितलंय. यात काही मोठेपणा नाही. आईला सांगायला हवं ते सांगता येत नाही, म्हणून एका अनोळखी माणसाची रेघ सांभाळून ठेवली, इतकंच. तिला आज सांगणार होतो. दुपारी लालबागला गेलो, जेवलो, तिने विचारलं, गप्प का रे? मी म्हटलं, काही नाही. हे कागदही तिच्या घरी ठेवता येणार नाहीत, तिला वाचता येतं.

माझ्या त्या फोनचं बटण चांगलं होतं. स्वच्छ टक् करायचं. आजही नवा नमुना हातात आला की मी त्याची टक् त्याच टक्-शी ताडून बघतो, हे ऑफिसात कुणाला ठाऊक नाही. चुकून लागलेला फोन एकदा येतो, अण्णा. तीनदा येत नाही. तिसऱ्यांदा बटणावर अंगठा ठेवला तेव्हा मला हे कळलं होतं. क्षणभर तो अर्धवट थांबलाही होता. मग मी ते पूर्ण दाबलं.